संदकफू-फालुट: गोव्यातून जाणाऱ्यांसाठी मुक्काम-ते-मुक्काम पदभ्रमणाचे नियोजन

डोंगरातील अनेक दिवसांच्या पदभ्रमणाचा बेत आखताना बहुतेक जण नकाशावर वाट शोधतात, तिचे किलोमीटर मोजतात आणि हातात असलेल्या रजेच्या दिवसांनी त्यांना भागतात. एका दिवसात चढून उतरायच्या गडावर ही रीत चालून जाते. मात्र रोज नव्या निवाऱ्यात मुक्काम करीत पुढे सरकायचे असेल, तेव्हा आज किती चालायचे यापेक्षा आज रात्री किती उंचीवर झोपायचे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. समुद्रकाठी वाढलेल्या आपल्या गोमंतकीयांना तर तो अधिकच लागू आहे, कारण गोव्यातील सर्वांत उंच डोंगरमाथेही हजार मीटरच्या थोड्याच वर आहेत आणि विरळ हवेची सवय शरीराला इथे कितीही चालून लागत नाही. म्हणून मुक्काम आधी ठरवावेत आणि वाट, रजा, तिकिटे त्यांच्या मागोमाग ठरवावीत, या एकाच तत्त्वावर पुढील मार्गदर्शन उभे आहे.

उदाहरणासाठी पश्चिम बंगाल आणि नेपाळ यांच्या सीमेवरील सिंगालिला डोंगररांगेची वाट घेतली आहे. तंबू न वाहता, सलग मुक्कामांच्या आधाराने उंच हिमालय जवळून पाहण्यासाठी भारतात याहून सोयीची वाट मला दिसत नाही. मानेभंज्यांग या गावापासून सुरू होणारी ही वाट टुमलिंग, कालिपोखरी, संदकफू, फालुट, गोरखे अशी ठाणी घेत श्रीखोल्याला उतरते. संदकफू हे ३,६३६ मीटर उंचीचे पश्चिम बंगालमधील सर्वोच्च ठिकाण आहे. तिथून एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू ही जगातील पहिल्या पाचांपैकी चार शिखरे एकाच क्षितिजावर दिसतात. कुंभकर्ण, कांचनजंगा आणि पांडिम यांची रांग मिळून झोपलेल्या बुद्धाची आकृती दिसते, तीही इथूनच. मार्गाचा बराच भाग १९९२ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या सिंगालिला अरण्यातून जातो. वाटेवर गोरखालँड प्रादेशिक प्रशासनाचे ट्रेकर्स हट आणि गावकऱ्यांचे खासगी लॉज किंवा होमस्टे असे दोन्ही प्रकारचे निवारे मिळतात.

मुक्कामांची शिडी

समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश दाब संदकफूला उरतो. याचा अर्थ प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू तेवढ्याच प्रमाणात घटतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, परंतु त्याला रात्री लागतात, आणि ही जुळवणूक दिवसा गाठलेल्या उंचीपेक्षा झोपण्याच्या उंचीवर अधिक अवलंबून असते. पर्वतारोहण वैद्यकातील सर्वमान्य शिफारस अशी आहे की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा.

हे मोजमाप वाटेला लावून पाहावे. मानेभंज्यांग सुमारे दोन हजार मीटरवर आहे, टुमलिंग सुमारे २,९७०, कालिपोखरी सुमारे ३,१८० आणि संदकफू ३,६३६ मीटरवर. टुमलिंगनंतर कालिपोखरीला एक रात्र काढली, तर पहिल्या दिवशी झोपेची उंची दोनशे मीटरने आणि दुसऱ्या दिवशी साधारण साडेचारशे मीटरने वाढते, म्हणजे दोन्ही टप्पे मर्यादेत बसतात. पुष्कळ संस्थांच्या आखणीत मात्र टुमलिंगहून एकाच दिवसात संदकफू गाठलेले असते. अंतर एकोणीस किलोमीटरच्या आसपास असल्याने ते कागदावर शक्य दिसते. प्रत्यक्षात दमलेल्या शरीराने सहाशेहून अधिक मीटर वर जाऊन झोपायचे असते आणि त्या रात्री डोके दुखू लागले की मुद्दाम राखलेली सूर्योदयाची पहाट अंथरुणात जाते. एक दिवस वाचवण्यासाठी हा व्यवहार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कालिपोखरीहून संदकफू केवळ सहा किलोमीटर आहे, पण बिखेभंज्यांगनंतरचा चढ संपूर्ण वाटेवरील सर्वांत तीव्र चढांपैकी एक आहे. तो सकाळच्या ताज्या पायांनीच चढावा.

टुमलिंगच्या आधीचा टप्पाही दुर्लक्षण्याजोगा नाही. दाबोळी किंवा मोपाहून सकाळी विमानाने निघालेला माणूस बागडोगरा विमानतळावर उतरून संध्याकाळी दोन हजार मीटरवर पोहोचतो आणि दुसऱ्याच दिवशी तीन हजारांच्या उंबरठ्यावर झोपतो. चाल सुरू करण्यापूर्वी मानेभंज्यांग किंवा दार्जिलिंग येथे दोन रात्री काढल्यास ही घाई टळते. मधला दिवस वाया जात नाही. मानेभंज्यांगला राहिलात तर चित्रे येथील बौद्ध मठापर्यंत चढून परत यावे, म्हणजे उंचीची तोंडओळख होते आणि बूट, काठ्या, पाठीवरची सॅक यांची शेवटची तपासणीही होते. दार्जिलिंगला राहिलात तर १९५४ साली स्थापन झालेली हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि तिच्याच आवारातील पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय पाहावे. या संग्रहालयाने लाल पांडांच्या प्रजननाचे मोलाचे काम केले आहे आणि तिथे जन्मलेले पांडा पुढे सिंगालिलाच्या जंगलात सोडले गेले आहेत. ज्या बांबूच्या रानातून पुढचे दिवस चालायचे आहे, त्या रानाचा रहिवासी आधी नीट पाहून घेणे चांगले, कारण प्रत्यक्ष वाटेवर तो क्वचितच दृष्टीस पडतो.

एकूण आखणी अशी होते: दोन रात्री मानेभंज्यांग परिसरात, मग टुमलिंग, कालिपोखरी, संदकफू येथे प्रत्येकी एक रात्र, जमल्यास संदकफूला आणखी एक, त्यानंतर फालुट, गोरखे आणि श्रीखोला. येण्याजाण्याचा प्रवास आणि एक राखीव दिवस धरून विमानाने जाणाऱ्यांनी बारा दिवसांची रजा गृहीत धरावी. इतकी रजा मिळणार नसेल तर उंचीचे टप्पे दडपू नयेत. फालुटचा भाग गाळावा आणि संदकफूहून गुरदुममार्गे थेट श्रीखोल्याला उतरावे.

उजेडाचा हिशेब

गोव्याहून जाणाऱ्यांच्या नियोजनात एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे पूर्वेकडचा सूर्य. देशभर घड्याळ एकच असले तरी दार्जिलिंग गोव्याच्या जवळजवळ पंधरा रेखांश पूर्वेला आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर पणजीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर सिंगालिलावर पावणेपाचच्या आतच तो बुडालेला असतो आणि लगेच थंडी उतरते. संध्याकाळी सहापर्यंत चालता येईल असे गृहीत धरून आखलेला दिवस इथे अंधारात संपतो.

चालण्याच्या वेळेचा अंदाज घेण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला नियम अजूनही उपयोगी पडतो. त्याने तासाला सुमारे पाच किलोमीटर आणि त्यावर प्रत्येक सहाशे मीटर चढाला एक तास अधिक असा हिशेब दिला. सॅक घेतलेल्या, उंचीची सवय नसलेल्या गटासाठी मी पाचऐवजी तीन किलोमीटर धरावेत असे सुचवेन. संदकफू ते फालुट हे अंतर सुमारे एकवीस किलोमीटर आहे. म्हणजे सात तास चालण्याचे, मधल्या चढउतारांसाठी तासभर, आणि जेवण, पाणी, छायाचित्रे यांसाठी आणखी एक. सकाळी सहाला पाऊल टाकले तर दुपारी तीनला फालुट येते आणि हाताशी दीड तासाचा उजेड शिल्लक राहतो. आठला निघाल्यास तो शिल्लक राहत नाही. संपूर्ण मोहिमेतील सर्वांत सुंदर दिवस हाच आहे, कांचनजंगा दिवसभर सोबत असते, परंतु मध्ये सबरकुमचा अपवाद सोडला तर खाण्यापिण्याची किंवा आडोशाची खात्री देता येईल असे ठिकाण जवळपास नाही. त्यामुळे दुपारचे जेवण आणि दिवसभराचे पाणी संदकफूहून निघतानाच बरोबर घ्यावे. ज्यांचा वेग कमी आहे त्यांनी सबरकुमजवळच्या मोल्ले येथील ट्रेकर्स हटमध्ये एक जादा मुक्काम करण्याचा पर्याय मार्गदर्शकाशी आधीच बोलून ठेवावा.

हंगाम आणि आरक्षण

राष्ट्रीय उद्यान १६ जून ते १५ सप्टेंबर या काळात बंद असते. पावसाळा संपल्यावरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीचा मार्चअखेर ते मेचा पूर्वार्ध हे दोन हंगाम उरतात. शिखरे स्वच्छ दिसावीत ही इच्छा असेल तर नोव्हेंबरला पर्याय नाही. गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि मॅग्नोलियाची फुले पाहायची असतील तर एप्रिल निवडावा आणि दुपारनंतरचे ढग मान्य करावेत. गोव्यातील शाळांच्या मे महिन्यातील सुट्टीत मुलांना घेऊन जाण्याचा विचार पुष्कळ पालक करतात. त्यांनी महिन्याच्या अगदी पहिल्या आठवड्यातच निघावे, कारण पुढे ढग आणि वळिवाचा पाऊस वाढत जातो. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ पडू शकतो आणि पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने ते महिने टाळावेत.

चतुर्थी आटोपली की आपल्याकडे पुढच्या सुट्टीचे बेत सुरू होतात आणि दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते. मात्र त्याच्या आधी दुर्गापूजेच्या सुट्टीत कोलकात्याहून मोठ्या संख्येने पर्यटक या रांगेवर येतात आणि संदकफूला खोल्या मिळणे कठीण होते. दुर्गापूजा आणि दिवाळी यांत दरवर्षी सुमारे तीनच आठवड्यांचे अंतर असते. शक्य असल्यास दिवाळी घरी करून, तुळशीच्या लग्नानंतर निघावे. त्या वेळी हवा स्थिर असते, गर्दी ओसरलेली असते आणि निवाऱ्यांतील मंडळींनाही तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते.

आरक्षणाचा क्रम महत्त्वाचा आहे. सर्वप्रथम संदकफू आणि फालुट या दोन रात्री निश्चित कराव्यात, कारण तिथे पर्याय सर्वांत कमी आहेत. फालुटला तर राहण्याची सोय फारच मर्यादित आहे. या दोन तारखा पक्क्या झाल्यावर मागे-पुढे टुमलिंग, कालिपोखरी, गोरखे आणि श्रीखोला जोडावेत आणि सर्वांत शेवटी विमान किंवा रेल्वेची तिकिटे काढावीत. उलट क्रमाने गेल्यास तिकिटांच्या तारखांसाठी मुक्कामांची ओढाताण होते आणि उंचीचा हिशेब तिथेच बिघडतो. गट चार ते सहा जणांचा ठेवल्यास एका घरात सर्वांची सोय होते. दहा-बारा जणांना अनेकदा दोन निवाऱ्यांत विभागावे लागते. अनेक ठिकाणी स्वतंत्र खोलीऐवजी सामायिक दालनात ओळीने लावलेले पलंग मिळतात, याची कल्पना घरच्या ज्येष्ठांना आधीच द्यावी.

कागदपत्रे आणि मार्गदर्शक

वाट अनेकदा सीमा ओलांडून नेपाळमध्ये शिरते आणि परत भारतात येते. टुमलिंग स्वतः नेपाळच्या बाजूला आहे. सशस्त्र सीमा बलाच्या चौक्यांवर ओळखपत्र तपासले जाते. भारतीय नागरिकांनी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट यांपैकी एक मूळ स्वरूपात बरोबर ठेवावे आणि केवळ आधारवर विसंबू नये. गोव्यात अनेक कुटुंबांत एखादा सदस्य पोर्तुगीज पासपोर्टधारक आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डधारक असतो. तो परदेशी नागरिक गणला जातो, म्हणून त्याने दोन्ही मूळ कागद जवळ ठेवावेत आणि त्याच्या नोंदणीचे व परवानगीचे नियम मानेभंज्यांग येथील मार्गदर्शकाकडून तारखा ठरवण्यापूर्वीच समजून घ्यावेत. गटातील एका व्यक्तीमुळे सर्वांना चौकीवरून परतावे लागू नये, यासाठी ही चौकशी घरी बसूनच व्हायला हवी.

राष्ट्रीय उद्यानात स्थानिक मार्गदर्शक घेणे सक्तीचे आहे आणि तो मानेभंज्यांगमधील मार्गदर्शकांच्या संघटनेमार्फत मिळतो. सक्ती नसती तरी मी तो घ्या असेच सांगितले असते. धुक्यात पठारावरच्या वाटा फुटतात. कोणत्या घरी कोरडी खोली आहे, कुठल्या झऱ्याला अजून पाणी आहे, आज पुढे जावे की थांबावे, हे त्याला ठाऊक असते. त्याचे मानधन, जेवण आणि मुक्काम यांचा खर्च कोण करणार हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे. भारवाहक घेतल्यास त्याच्याकडे गरम कपडे आणि योग्य बूट आहेत का, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे. आपले सामान वाहणारा माणूस फाटक्या चपलांत बर्फावरून चालत असेल, तर त्या मोहिमेत काहीतरी मुळातच चुकले आहे.

गोव्याहून तिथपर्यंत

सर्वांत जवळचा विमानतळ बागडोगरा आहे आणि गोव्यातून कोलकाता, दिल्ली, मुंबई किंवा बंगळूरू येथे विमान बदलून तिथे पोहोचता येते. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी वास्कोहून कोलकात्याच्या दिशेने जाणारी अमरावती एक्सप्रेस आहे. ती दूधसागरच्या घाटातून चढत जाते आणि तिला दीड दिवसाहून अधिक वेळ लागतो. पुढे कोलकात्याहून न्यू जलपाईगुडीचा रात्रीचा प्रवास करावा लागतो. रेल्वेने गेल्यास रजेत जाताना व येताना मिळून आणखी चार दिवस जोडावेत. बागडोगरा किंवा न्यू जलपाईगुडीहून मिरिक आणि सुखियापोखरीमार्गे मानेभंज्यांग साधारण तीन-चार तासांवर आहे.

राखीव दिवस कशासाठी ठेवायचा, याचे उत्तर या रस्त्यानेच दिले आहे. २०२५ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झालेल्या अतिवृष्टीत मिरिक परिसरात दरडी कोसळून अनेकांचे प्राण गेले आणि दुधिया येथील बालासन नदीवरील लोखंडी पूल तुटला. चोर्ला किंवा अनमोड घाट पावसात बंद पडला की आपण दुसऱ्या घाटाने वळून जातो. दार्जिलिंगच्या डोंगरात वळसा कधी कधी अर्ध्या दिवसाचा असतो. म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र सिलीगुडीतच काढावी.

सराव

मिरामार ते दोनापावल रोज चालणाऱ्याची दमछाक होणार नाही, पण सपाट चालण्याने चढउताराची तयारी होत नाही. पणजीकरांनी आल्तिनोचा चढ आणि मळा-फोंतेन्हसकडून वर जाणाऱ्या पायऱ्या यांचा उपयोग करावा. मडगाव-केपे भागातील वाचकांना पारोड्याचा चंद्रनाथ हाताशी आहे. सुमारे साडेतीनशे मीटर उंचीचा हा डोंगर सॅकमध्ये सहा किलो वजन घेऊन एका सकाळी दोनदा चढउतार करता येऊ लागला, की पाय तयार झाले असे समजावे. सत्तरीतील वाघेरी किंवा नेत्रावळीच्या रानातील वाटा दीर्घ चालीसाठी उत्तम आहेत. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याची परवानगी घेऊनच जावे आणि पावसाळ्यात धबधब्यांवर असलेली बंदी पाळावी. तयारीला तीन महिने द्यावेत आणि शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस लांब चाल ठेवावी, कारण मुक्काम-ते-मुक्काम जाताना कसोटी पहिल्या दिवसाची नसते, आदल्या दिवशी दमलेल्या पायांनी पुन्हा उठून चालण्याची असते.

उतरण्याचा सराव विशेष करावा. फालुटहून गोरख्याला जाताना एका दिवसात सुमारे तेराशे मीटर उतरायचे असते आणि बहुतेकांचे गुडघे तिथे तक्रार करतात. चालण्याच्या दोन काठ्या वापरण्याची सवय घरीच लावून घ्यावी.

उंचीची सवय मात्र गोव्यात लागत नाही हे पुन्हा सांगतो. उत्तम धावपटूलाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी आपल्या डॉक्टरांकडून तपासणी करून लेखी प्रमाणपत्र घ्यावे. अॅसिटाझोलामाइड हे औषध प्रतिबंधासाठी दिले जाते, परंतु सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

सामान आणि दमट हवा

गोव्यातील कपाटात दोन-तीन वर्षे पडून असलेले ट्रेकिंगचे बूट वरून नवे दिसले तरी विश्वासार्ह नसतात. पुष्कळ बुटांच्या तळव्यातील मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत त्याचे हळूहळू विघटन होते. मग चालता चालता अख्खा तळवा सुटून येतो. जाण्याआधी दोन महिने बूट वाकवून, दाबून पाहावेत, भेगा किंवा भुगा दिसल्यास ते बदलावेत आणि नवे बूट सरावाच्या वाटांवर रुळवावेत. रेनकोट आणि सॅकच्या आतील पाणीरोधक लेपही आपल्या हवेत चिकट होऊन सोलतो. त्याच्या परीक्षेसाठी गोव्याच्या जुलैइतकी चांगली सोय कुठे नाही: मुसळधार पावसात अंगावर रेनकोट आणि पाठीवर भरलेली सॅक घेऊन तासभर चालावे आणि आत काय भिजले ते पाहावे.

थंडीचे कपडे थरांनी घ्यावेत. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचे किंवा तत्सम जाड जॅकेट आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारा थर. सुती बनियन आणि जीन्स पूर्णपणे टाळावी, कारण भिजल्यावर ती वाळत नाहीत. एकदाच लागणारे जाड जॅकेट विकत घेण्याऐवजी दार्जिलिंग किंवा मानेभंज्यांगला भाड्याने घेता येते. निवाऱ्यांत ब्लँकेट मिळतात, तरीही स्वच्छतेसाठी झोपण्याची पातळ आतली पिशवी बरोबर असावी. कानटोपी, हातमोजे, लोकरीच्या मोज्यांचा एक राखीव जोड, गॉगल, टॉर्च, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, फोडांसाठी चिकटपट्टी एवढे घेऊनही पाण्यासकट वजन आठ-नऊ किलोंच्या आत राहिले पाहिजे.

निवाऱ्यातील वागणे

जेवण साधे असते: डाळ-भात, बटाटा, मोहरीच्या पानांची भाजी, अंडी, थुक्पा. रोज नुस्ते, म्हणजे मासे, लागणाऱ्यांनी आठवडाभर त्याची आठवण काढू नये. घरचे नाचणीचे सत्त्व तिजाणासाठी (नाचणीच्या पातळ पेजेसाठी) बरोबर नेल्यास सकाळी पोटाला फार बरे वाटते आणि त्यासाठी चुलीवर केवळ गरम पाणी मागावे लागते. पोहोचताच रात्रीच्या जेवणाची संख्या सांगावी, कारण स्वयंपाक मोजूनच होतो. संदकफूला पाणी दुर्मिळ आहे. आंघोळीसाठी गरम पाण्याची बादली मागणे म्हणजे कोणाच्या तरी पाठीवरचा भार वाढवणे होय, तेव्हा तिथे ओल्या फडक्याने अंग पुसून भागवावे. शेकोटीचाही आग्रह धरू नये, कारण तिचे लाकूड जंगलातूनच येते. जुनी झाडे आणि बांबू हाच लाल पांडाचा संसार आहे. तोंगबा हे कोदोचे (नाचणीचे) आंबवलेले पेय आग्रहाने पुढे येईल, पण त्याचा मोह गोरख्याला उतरेपर्यंत आवरावा, कारण मद्याने उंचीवरची झोप आणि श्वास दोन्ही बिघडतात. घरमालकाला दाजू आणि घरमालकिणीला दीदी म्हटले की बोलणे सुरू होते.

वीज बेभरवशाची असते आणि थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. रात्री फोन व पॉवर बँक पांघरुणात घेऊन झोपावे. पैसे रोख लागतात. ते सिलीगुडी किंवा दार्जिलिंगमध्येच काढून लहान नोटांत ठेवावेत. चॉकलेटच्या वेष्टनापासून औषधांच्या पट्टीपर्यंत प्रत्येक प्लास्टिकचा तुकडा परत खाली आणावा.

थांबण्याचा निर्णय

डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा असाधारण थकवा आला तर त्याला उंचीचाच त्रास समजावे आणि बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली तर रात्र असली तरी ताबडतोब खाली उतरवावे. मानेभंज्यांग ते संदकफू गाडीरस्ता आहे, त्या रस्त्यावर जुन्या लँड रोव्हर आजही धावताना दिसतात, आणि म्हणून संदकफूपर्यंतच्या वाटेवरून आजारी माणसाला वाहनाने खाली उतरवणे शक्य असते. फालुटच्या दिशेला ही सोय सहज मिळत नाही. या कारणास्तव संदकफूच्या रात्री गटातील प्रत्येकाने दुसऱ्याची विचारपूस करावी आणि ज्याला त्रास होत असेल त्याने, एका सोबत्यासह, सकाळी तिथूनच खाली जावे. हा नियम निघण्यापूर्वी घरीच सर्वांनी मान्य करून घ्यावा, म्हणजे आयत्या वेळी भिडेपोटी कोणी लक्षणे लपवत नाही.

फालुटहून पुढचा भाग उतरणीचा आहे. गोरखे हे ओढ्याकाठचे, पाइनच्या रानातील गाव सुमारे २,३०० मीटरवर आहे आणि तिथे श्वास मोकळा होतो. एक जादा दिवस शिल्लक असेल तर तो इथे खर्च करावा. गोरख्याहून सामानदेन आणि राम्मममार्गे श्रीखोल्याला दिवसभराची, पण सावलीची चाल आहे. परतीची सामायिक जीप श्रीखोल्याजवळच्या रिंबिक गावाहून सकाळी लवकर सुटते, म्हणून तिच्या जागा आदल्या संध्याकाळीच मार्गदर्शकाकडून राखून घ्याव्यात आणि त्याचे उरलेले मानधन श्रीखोल्याच्या मुक्कामीच चुकते करावे.